लाल शिक्क्यात न मावलेले हसू

तोंडाला कायम लाल शाई असल्यामुळे माझी लाज कुणाला दिसत नाही, मित्रांनो. मी एक जुना रबरी शिक्का आहे. झांबियातल्या लुआन्श्या गावी एका दवाखान्यात, मनाच्या आजारांच्या वॉर्डातल्या टेबलावर माझे आयुष्य गेले.

बाजारातल्या एका कारागिराने पात्याने माझ्या अंगावर उलटी अक्षरे कोरली : ‘हिंसेचा धोका’. खाली एक रिकामी चौकट ठेवली. रुग्णाच्या लक्षणाला आजारांच्या पुस्तकात जो क्रमांक असेल, तो त्या चौकटीत लिहायचा. फाइल न उघडताही सर्वांना सावध करणे हे माझे काम.

सुरुवातीला मी ते चांगले केले. एका रुग्णाने कोणत्या पहारेकऱ्याला मारणार हे सांगितले होते आणि गादीखाली लोखंडी कांब लपवली होती. मी त्याच्या फाइलवर उमटलो, म्हणून सर्वजण जपून वागले. कुणाला इजा झाली नाही आणि त्या माणसालाही वेळेवर उपचार मिळाले. “हा शिक्का म्हणजे आपला जास्तीचा पहारेकरी,” असे मोठ्या सिस्टर म्हणाल्या. मी फुगून गेलो.

मग लाझारो सोको आला. तो बसचालक होता, न्गोनी जमातीचा. धाकटा भाऊ गेल्यापासून तो भिंतीकडे तोंड करून बसे आणि एक शब्द बोलत नसे. त्याची बायको तामारा रोज न्शिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि पालेभाजी घेऊन येई. त्याने पुन्हा बोलावे, एवढेच तिचे मागणे होते.

वॉर्डात कापाम्ब्वे नावाचा नर्स होता. तो बेम्बा जमातीचा. जुन्या लढाया संपल्यापासून आमच्याकडे बेम्बा आणि न्गोनी एकमेकांचे थट्टेचे भाऊबंद आहेत. भेटले की ‘उंदीरखाऊ’, ‘माकडखाऊ’ अशा शिव्या, मयताला गेले तरी थट्टा. त्यात राग धरायचा नसतो. एका सकाळी कापाम्ब्वेने सोकोपुढे ताट ठेवले.

“काय रे उंदीरखाऊ, भाजीत उंदीर नाही म्हणून रुसलास होय?”

सोकोने हळूच मान वळवली.

“गप रे माकडखाऊ. जास्त बोललास तर तुझा गळा कापीन, आणि तुझ्या मयताला सगळ्यांत पुढे मीच नाचेन!”

सगळा वॉर्ड खो खो हसला. कापाम्ब्वेच्या तर डोळ्यांतून पाणी आले. “बोलला! अरे, माझा न्गोनी बोलला!” असे ओरडत तो टेबलाकडे धावला. रुग्णाचे शब्द जसेच्या तसे लिहायचे, असा नियम आहे. त्याने आनंदाने ते वाक्य अक्षरशः उतरवले. आपण कोण, तो कोण आणि लोक किती हसले, हे मात्र लिहिले नाही. दोन आडनावे ऐकली की आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ते कळते. ते काय लिहायचे?

दुपारी नालिशेबो आली. फाइली वाचून क्रमांक देणे हे तिचे काम. कागदावर आहे तेवढ्यालाच क्रमांक द्यायचा, मनाचे काही घालायचे नाही. शंका आली तर लिहिणाऱ्याला विचारायचे. तिने वाक्य वाचले, दोघांची नावे वाचली आणि ती गालात हसली. मी पाहिले आहे. पण कापाम्ब्वे वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला एका म्हाताऱ्याला आंघोळ घालत होता आणि फाइलींचा ढीग पडला होता. नुसत्या बोलण्यासाठी पुस्तकात वेगळा क्रमांक नव्हता. तिने जवळचा, मारहाणीचा क्रमांक लिहिला. मग मला उचलले आणि दाबले.

एका वाक्याची मारहाण झाली, आणि ती मी केली.

कापाम्ब्वे त्याच दिवशी रजेवर गेला. नव्या पाळीने सोकोला कडीच्या खोलीत हलवले. त्याचा चमचा काढून घेतला. तामाराला जाळीतून भेटावे लागले. “मी काय केलं?” असे त्याने एकदा विचारले. उत्तर म्हणून सर्वांनी फाइलवरच्या माझ्याकडे पाहिले. त्याने पुन्हा भिंतीकडे तोंड केले.

परत आल्यावर कापाम्ब्वे भडकला. “नालिशेबो, डोकं गहाण ठेवलंस का? मी आणि सोको! हे कुणाला सांगावं लागतं?”

“दादा, तू हसलास ते लिहिलंस कुठे?”

“आणि तुला पाय नव्हते? चार पावलं येऊन विचारायचंस!”

तिने फाइल त्याच्यापुढे सरकवली. त्याने नवी नोंद लिहिली : थट्टेचे नाते, इरादा नाही, हत्यार नाही, कुणी घाबरले नाही. क्रमांकावर रेघ मारून सही केली, फाइलचे आवरण बदलले. कडी उघडली.

सोको हळूहळू बरा झाला. जेवू लागला, झोपू लागला, विचारले तेवढे बोलू लागला. घरी जायच्या दिवशी तो टेबलाशी सही करायला आला. कापाम्ब्वे कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

“जा बाबा, गावचे उंदीर तुझी वाट बघून थकले! जाता जाता मला दोन शिव्या तरी घाल.”

सगळे हसायला तयार होते. सोकोची नजर माझ्यावर पडली.

“आपले फार उपकार झाले, साहेब.”

“साहेब? अरे, मी माकडखाऊ ना तुझा?”

“नाही साहेब. तसं बोलू नये माणसानं.”

कुणीच हसले नाही. कापाम्ब्वेने त्याची पिशवी उचलून फाटकापर्यंत नेली.

तामारा औषधे न्यायला अजून येते. “शिव्या देतो का गं?” असे कापाम्ब्वे तिला दर वेळी विचारतो.

“नाही हो,” ती म्हणते. “फार सभ्य बोलतो. माझ्याशीसुद्धा.”

मित्रांनो, धोका खरा असेल तेव्हा मला जरूर उचला. पण माणसाचे शब्द लिहाल तेव्हा ते कोणाला उद्देशून होते आणि ऐकणारा घाबरला की हसला, हेही लिहा. लिहिलेले नसेल, तर मला खाली ठेवा आणि उठून विचारून या.