मोज्यातल्या कांड्या

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला किळस लवकर येते, यात त्याचा फारसा दोष नाही. धुळीच्या एका कणाने चांगलं घड्याळ बंद पडताना ज्याने जन्मभर पाहिलं, त्याला जगातली घाण दुप्पट दिसणारच. पण आपला घड्याळवाला त्याच्याही पुढे गेलेला. त्याला दाराच्या कडीची किळस यायची, सुट्ट्या नाण्यांची यायची, कुणी बोट ओलं करून कागद उलटला तर त्याचं जेवण राहायचं. पुढे लोकांनी मनगटाला घड्याळं बांधायचं सोडलं, दुकान बसलं आणि हा धुतल्या तांदळासारखा माणूस येऊन पडला तो घरामागच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये, मेहुण्याच्या हाताखाली. अडला हरी, गाढवाचे पाय धरी. गाढवाचे पाय त्यापेक्षा स्वच्छ असतील, असं त्याला पहिल्याच दिवशी वाटलं.

मेहुणा कामात वाघ होता, बाकी सगळा उकिरडा. हातमोज्याला नाक पुसायचा आणि तोच मोजा भाऊजींपुढे धरायचा. वेल्डिंगच्या कांडीने कान कोरायचा आणि तीच कांडी होल्डरला लावून टाका मारायचा. डोक्यावर चढवायच्या मुखवट्यात त्याच्या घामाचा आणि कच्च्या कांद्याचा असा वास मुरला होता, की घड्याळवाला तो श्वास रोखूनच घालायचा. श्वास संपला की टाका संपला. म्हणून त्याचे सुरुवातीचे सगळे टाके बोटभर लांबीचे.

"भाऊजी, वेल्डिंग शिकताय की विहिरीत बुडी मारताय?" मेहुणा विचारायचा आणि खो खो हसायचा. हसताना थुंकी उडायची, ते वेगळंच.

घरी याहून वाईट प्रकार होता. आप्पांची, म्हणजे त्याच्या वडिलांची, डावी बाजू लुळी पडली होती. बायको दिवसभर कामावर, त्यामुळे आप्पांनी खिडकीतून हाक मारली की शेडमधून यालाच जावं लागे. त्यांना संडासात न्यायचं, बसवायचं, धुवायचं, उठवायचं. तो नाकावर दुहेरी फडकं बांधायचा आणि मान वळवून सगळं उरकायचा. बापाचं अंग आहे, असं मनाला कितीही बजावलं तरी पोटातलं घशाशी यायचं. आप्पा तेवढा वेळ भिंतीकडे बघत बसत.

मग त्याला कल्पना सुचली. कमोडशेजारी भिंतीला मजबूत दांडा बसवला, तर आप्पा चांगल्या हाताने तो धरून स्वतः उठतील, आणि बाकीचं त्याच हाताने जमेल.

"तुम्हाला मोकळेपणा मिळेल, आप्पा," तो म्हणाला. आपले हात सुटतील, हे त्याने मनातल्या मनात म्हटलं.

मेहुण्याने लगेच सामान काढून दिलं. "दांडा स्टेनलेसचा घ्या, ओल्या हाताने गंजायचा नाही. भिंतीला लागणाऱ्या पट्ट्या साध्या लोखंडाच्या, जाड. पण ऐका, ही दोन वेगळ्या घराण्यांची सोयरीक आहे. साध्या कांडीने जोडलंत तर टाका दिसेल झकास आणि होईल काचेसारखा ठिसूळ. ह्याला वेगळ्या कांड्या लागतात. त्या मोज्यात आहेत. करंट कमी ठेवा, आणि ठिणगी जाड पट्टीकडे, नाहीतर दांड्याच्या पातळ पाइपाला भोक पाडाल. शेवटी हातोडा मारून बघा." एवढं सांगून तो कुणाचं तरी फाटक बसवायला निघून गेला.

मोजा म्हणजे मेहुण्याचा जुना पायमोजा. कांड्यांना दमट हवा लागू नये म्हणून महागातल्या कांड्या तो त्यात घालून शेगडीवरच्या खिळ्याला टांगायचा. अंगठ्याला भोक, टाचेला काळा, चिकट थर. कधी धुतलेला नाही, कारण धुतला तर वाळेपर्यंत कांड्या ठेवायच्या कुठे, असा मेहुण्याचा बिनतोड सवाल. शेगडीच्या उबेने त्यातून पायाचा वास येत होता. घड्याळवाल्याने दोन बोटं पुढे केली, मागे घेतली, पुन्हा पुढे केली आणि बाहेर जाऊन कोरड्या उलट्या काढल्या.

फळीवर साध्या कांड्यांचा कोरा, करकरीत डबा होता. टाका तो टाका, असं म्हणून त्याने तोच फोडला.

बाकी सगळं त्याने मेहुण्याने सांगितलं तसंच केलं. पट्ट्या पांढऱ्या होईपर्यंत घासल्या, करंट उतरवला, ठिणगी जाड लोखंडाकडे ठेवली. टाका असा उतरला की स्वतःचाच हात त्याला खरा वाटेना. हातोडा उचललाही, पण एवढ्या देखण्या कामावर घाव घालवेना. पॉलिश करून, भिंतीत बोल्ट मारून दांडा त्याने चढवलासुद्धा.

"मोज्यातल्याच वापरल्या ना?" संध्याकाळी मेहुण्याने विचारलं.

"हो तर," घड्याळवाला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा आत बसले होते आणि हा दाराबाहेर उभा होता, कित्येक महिन्यांनी नाक उघडं ठेवून. आतून टक्क असा आवाज आला. मग बादली कलंडली, आणि मग आप्पा.

तो धावला. आप्पा फरशीवर, घाणीत, अर्धे कुशीवर. हातात अजून दांडा घट्ट धरलेला. फडकं बांधायला वेळच नव्हता. गुडघे त्यात टेकवून, दोन्ही हात त्यात घालून त्याने त्यांना छातीशी ओढलं. सदरा भिजला, मानेला लागलं, नाकात वास भरला. त्याला तिथेच उलटी झाली, आप्पांच्या खांद्यापलीकडे. आप्पांचं कोपर सोलवटलं होतं, हाड शाबूत होतं.

"माझ्या वजनाने तुटला का रे?" आप्पांनी घाबरून विचारलं.

वजन कसलं, उचलताना म्हातारा हाताला रिकाम्या पिशवीसारखा लागत होता.

त्यांना धुऊन, निजवून तो तुटका दांडा घेऊन शेडमध्ये गेला. मेहुण्याने तुटलेली कड उजेडात धरली. भेग टाक्यातून सरळ गेली होती.

"साधी कांडी," तो म्हणाला. "मोज्यात हात घालवेना?"

"किळस आली."

"माझी?"

"तुझीच."

मेहुण्याने नाक पुसलं, या खेपेला बाहीला. "येऊ द्या की. मी काय लोणी लावून घेणार आहे तुमच्याकडून? पण खोटं कशाला बोललात? पडले कोण, आप्पा पडले."

घड्याळवाल्याने मोज्यात कोपरापर्यंत हात घातला. मुखवटा चढवला आणि आत भरपूर श्वास घेतला. टाका वाकडातिकडा आला, टाक्यावरची तापलेली मळी तडतडून मानेवर उडाली, हाताला फोड आला. मग त्याने हातोडा घेतला आणि राग निघेपर्यंत मारला. शेवटी दांडा शिकंज्यात आवळून मेहुणा आपल्या अगडबंब देहानिशी त्याला लोंबकळला. टाका हलला नाही.

दुपारी दांडा पुन्हा भिंतीला लागला आणि आप्पा एकटे आत गेले. बराच वेळ लागला. आले ते भिंत धरत, पण आपल्या पायांनी, आपले आपण स्वच्छ होऊन. खाटेवर टेकले आणि म्हणाले, "पाणी दे."

त्याने अर्धा पेला दिला.

"भर की पुरता."

त्यांनी तो घटाघटा संपवला आणि पुन्हा पुढे केला. तिसऱ्या पेल्याला घड्याळवाला म्हणाला, "आप्पा, एवढी तहान?"

"तहान रोजचीच आहे रे. पण प्यायलं की तुला हाक मारावी लागते. जेवलं तरी तेच." आप्पांनी तोंड पुसलं. "हाक मारली की तू ते तसलं तोंड करून यायचास. त्यापेक्षा तहान बरी वाटायची."

ते पुन्हा पाणी पिऊ लागले. घड्याळवाला तांब्या धरून उभा राहिला. सकाळच्या घाणीचं आता त्याला काहीच वाटत नव्हतं. किळस त्याला स्वतःची येत होती, आणि ती धुवायची कशी हे त्याला कळत नव्हतं.