मोनालीच्या रक्तातला भोकपाड्या

मी एक जुना भोकपाड्या आहे. नाव विचाराल तर सी-नाइन, म्हणजे आमच्या घराण्यातला नववा. मी एक प्रथिन आहे आणि रायपूरच्या मोनालीच्या रक्तात राहतो. रक्त कानापर्यंतही जातं, त्यामुळे बाहेरचं बोलणं मला ऐकू येतं. तुम्हाला मित्रांनो म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो. तुम्ही खरंच मित्र आहात का, हे मी अजून तपासलेलं नाही.

माझा जन्म यकृतातला. आमच्यातला एकेक जण फार दिवस टिकत नाही, पण मागून येणारा तसाच घडलेला आणि तितकाच संशयी असतो, म्हणून मी स्वतःला जुना म्हणतो. एकटा असताना मी मिटलेल्या छत्रीसारखा निरुपद्रवी असतो. पण कुठे जंतू शिरला की आधीच्या नंबरचे भाऊबंद त्याच्या अंगाला जाऊन चिकटतात. आठवा जागेवर बसला की मला बोलावणं येतं. मग माझी घडी उलगडते आणि मी जंतूच्या अंगावरच्या स्निग्ध पटलात आरपार घुसतो. माझ्या शेजारी दुसरा नववा, त्याच्या शेजारी आणखी एक, असे आम्ही दीडएक डझन जण पिंपाच्या फळ्यांसारखे गोलात उभे राहतो. आमची तेलकट बाजू पटलाकडे असते आणि पाण्याला धार्जिणी बाजू आत. मधे जे भोक राहतं, ते बंद होत नाही. पाणी आत शिरतं, जंतू फुगतो आणि फुटतो.

काम जोखमीचं, कारण आम्ही कधी कधी घरच्या पेशींनाही चिकटतो. म्हणून घरच्या प्रत्येक पेशीच्या पटलावर नाना प्रथिनं बसवलेली असतात. कुणी दाराचं काम करतं, कुणी पंपाचं, आणि एक असतं ते बिल्ल्याचं. हा बिल्ला पटलात रोवलेल्या चरबीच्या खुंटीला टांगलेला असतो. तो हाताला लागला की माझं कडं पुरं होत नाही. नाही लागला, तर मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. मोनालीला लहानपणी ताप यायचा आणि चटकन उतरायचा. पोट्टी काटक आहे, असं तिची आई सरिता शेजारणींना सांगायची, आणि ते कौतुक मी माझंच समजायचो.

पुढे राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं आणि मोनालीला सरकारी नोकरी लागली. ऑफिस एका जुन्या दवाखान्याच्या इमारतीत थाटलं होतं. सरिताला ते पटलं नव्हतं. तिला पटकन काहीच पटत नाही. या बाबतीत आमचं दोघांचं चांगलं जमतं.

मग भिलाईच्या यशदीपचं स्थळ आलं. त्याची धाकटी बहीण सिकलसेलने आजारी. इकडे आईबापाकडून पोरांत उतरणारा हा रक्ताचा आजार पुष्कळ घरांत आहे, म्हणून आधी सिकलची टेस्ट करायची आणि मग बाकीचं बोलायचं, अशी रीतच पडली आहे. मोनाली ऑफिसातल्या कुसुमला सोबत घेऊन टेस्ट करून आली. रक्त चोख निघालं. साखरपुडा ठरला.

त्यानंतर मला बिल्ल्याविना तांबड्या पेशी सापडू लागल्या. आधी तुरळक, मग झुंडीच्या झुंडी. तोंडावळा सगळा घरचा, पण बिल्ला नाही आणि खुंटीही नाही. मी काय समजायचं? चोर घरच्यासारखा वेष घेऊन येतो, हे मी पुरतं जाणून आहे. मी त्यांना फोडत गेलो.

बाहेर मोनालीची सकाळची लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होऊ लागली. डोळे पिवळे पडले, जिना चढताना धाप लागू लागली. लग्न मोडेल या भीतीने तिने हे लपवलं. बाथरूममध्ये बादलीभर पाणी जास्त ओतून ती बाहेर यायची. पण सरिताच्या कानातून ते पाणी सुटलं नाही. एका सकाळी तिने दारातच गाठून तो रंग पाहिला आणि हा सिकलच, असं मनातल्या मनात जुळवून टाकलं.

“खरं सांग मोनाली,” ती म्हणाली, “त्या दिवशी टेस्टले रक्त तुहं देलं होतं, का त्या कुसुमचं?”

मोनाली एरवी मराठीत सुरू करायची आणि हिंदीत संपवायची. त्या सकाळी ती सगळं हिंदीतच बोलली. “मेरा ही था, आई. इतना भी भरोसा नहीं मुझ पर?”

सरिताने भिलाईला फोन करून साखरपुडा पुढे ढकलला. कारण सांगितलं नाही. मायलेकींचं बोलणं बंद झालं. त्या शांततेचं मला फार वाईट वाटलं. माझं काम मात्र चालूच होतं.

यशदीप कारण विचारायला आला. तेलीबांध्याच्या तलावाकाठी बोलता बोलता मोनाली खाली बसली ती उठेना. त्यानेच तिला दवाखान्यात नेलं आणि सरिताला बोलावून घेतलं. डॉक्टर सुनीतींनी सिकलची टेस्ट पुन्हा करायला सांगितली. सुई टोचताना सरिता समोर उभी राहिली. मला पाहू द्या म्हणाली. रक्त मोनालीचं होतं आणि सिकलचा मागमूस नव्हता.

मग डॉक्टरांनी रक्त बाहेरगावच्या मोठ्या लॅबला पाठवलं, पेशींवर बिल्ले आहेत का ते बघायला. उत्तर आलं तेव्हा त्यांनी सरिताला समजावलं. हाडांच्या मगजात जिथे रक्त घडतं, तिथली एक मूळ पेशी बिघडली होती. तिला खुंटी घडवता येईना, त्यामुळे तिच्या साऱ्या पिलावळीला बिल्ला टांगायला जागाच उरली नाही. हे आईबापाकडून आलेलं नव्हतं, पोरांकडे जाणारंही नव्हतं.

“तिची राखण करणारं प्रथिनच तिच्या पेशी फोडतंय,” डॉक्टर म्हणाल्या. “त्याला त्या घरच्या वाटत नाहीत.”

सरिताने यशदीपने आणलेला जेवणाचा डबा मोनालीपुढे सरकवला. मग हळूच म्हणाली, “म्हणजे माही पोट्टी खोटं नव्हती बोलून राहिली.”

रक्त चढवायचं ठरलं. सरिताने हात पुढे केला. तिचं रक्त बदलीचं म्हणून रक्तपेढीत कुणा दुसऱ्यासाठी गेलं आणि मोनालीला अनोळखी माणसाच्या रक्ताची पिशवी आली. मी दबा धरून बसलो. नवी पेशी आली की चाचपायचो, आणि दरवेळी बिल्ला हाताला लागायचा. परक्यांना वाट दिली आणि घरच्यांना फोडत राहिलो. नियमात ते चोख बसतं. तरी त्या दिवशी मला पहिल्यांदा माझाच संशय आला.

आजार गेलेला नाही. गोळ्या चालू आहेत आणि मधूनमधून पिशवी लागते. मला अडवणारं औषध निघेल असं डॉक्टर म्हणतात. मी त्याची वाट बघतो आहे. साखरपुड्याची बोलणी यशदीपने पुन्हा काढली.

घरी परतल्यावर एका सकाळी मोनालीने बाथरूममधून हाक मारली. “आई, रंग फिका झाला. ये, पाहून घे.”

सरिता कणीक मळत होती. ती जागची हलली नाही. “मले काहून दाखवतं? तू सांगतलं ना, झालं.”

मित्रांनो, मला विचारता येत नाही, फक्त चाचपता येतं. बिल्ला नसला की मी उद्याही फोडणार. तुम्हाला मात्र विचारता येतं. ज्याच्याजवळ दाखवायला काहीच नाही, त्याला विचारा आणि तो सांगेल ते ऐकून घ्या. आणि मोनालीला जपा. ते माझ्याच्याने होत नाही.