दुसरी गाठ

“अहो मुकादम, जरा दमानं! त्या रस्त्यानं तुमचं काय घोडं मारलंय?” मावशी खड्ड्याच्या काठावरून ओरडली. “खडी निघाली की कुदळ बाजूला ठेवा आणि हातानं उकरा. तुमच्या घावानं माझी चटई फाटायची, आणि मॅडम लिहायच्या कुजली म्हणून.”

मुकादमानं निमूटपणे कुदळ खाली ठेवली. इंजिनीयर मॅडम हातातल्या वहीआड हसल्या. अर्धा रस्ता दोरी बांधून अडवला होता, उरलेल्या अर्ध्यावरून गाड्या हळूहळू जात होत्या, आणि जाणारा प्रत्येक जण मान वळवून बघत होता की चांगल्या रस्त्याला ही माणसं भोकं का पाडताहेत.

खडीखालून काळी चटई दिसू लागली. मावशी पदर खोचून तरातरा खड्ड्यात उतरली. तिनं चटईचा एक धागा सुटा केला, बोटाला गुंडाळला आणि ओढला. बोट पांढरंफटक पडलं. धागा जिथल्या तिथे.

“बघा. बोट तुटेल, पण हा नाही तुटायचा. तीन वर्षं जमिनीत काढलीत बेट्यानं!”

मुकादमानं चटईखालच्या मातीत सळई टोचून पाहिली. दोन बोटं आत गेली आणि अडली. “मॅडम, हीच ती जागा बरं का,” तो म्हणाला. “काम सुरू झालं तेव्हा इथल्या चिखलात माझा एक बूट रुतला, तो काही वर आला नाही. अजून खालीच असेल कुठंतरी.”

“असेल तर बाहेर काढू नका,” मावशीची धाकटी जाऊ म्हणाली, “नाहीतर मॅडम चटईऐवजी पुढे बूटच अंथरतील.”

सगळे हसले. दुसराही खड्डा असाच निघाला, चटई शाबूत आणि माती घट्ट. मावशीची छाती दोन इंच फुगली.

फुगणारच. या पट्ट्यातली चिकणमाती म्हणजे नुसता लोण्याचा गोळा. वर कितीही खडी ओता, डांबर ओता, दोन पावसाळ्यांत सगळं पोटात घेऊन रस्ता खाली बसायचा. मग तीन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी डोक्यात आलं की मातीवर आधी नारळाच्या काथ्याची चटई अंथरावी आणि खडी तिच्यावर टाकावी. खडी मातीत रुतत नाही, चाकाचा भार पसरतो, आणि माती आपली दाबाखाली हळूहळू घट्ट होत जाते. पण नुसता काथ्या ओल्या मातीत कुजतो. त्याला आधी औषध पाजावं लागतं, आणि ते औषध पाजणारी मावशी.

काथ्याच्या कारखान्यातला औषधाचा हौद तीस वर्षं तिच्या ताब्यात होता. चटई गरम काळ्या औषधात बुडवायची, निथळायची, आठ दिवस सावलीत वाळवायची, मग पुन्हा बुडवून पुन्हा वाळवायची. एकदा बुडवलेली आणि दोनदा बुडवलेली चटई दिसायला सारखीच काळीकुट्ट, तिथेच भले भले फसतात. म्हणून मावशीनं आपली एक रीत घालून दिली होती. पहिल्या वेळी कोपऱ्याला नायलॉनच्या दोरीची एक गाठ, दुसऱ्या वेळी तिच्या शेजारी दुसरी. दोन गाठी असल्याशिवाय गुंडाळी गाडीत चढायची नाही. “तीस वर्षांत माझ्या हातून कच्ची गुंडाळी बाहेर गेलेली नाही,” हे वाक्य ती इतक्यांदा बोलायची की कारखान्यातल्या पोरी तिच्या पाठीमागे ओठ हलवून तेच म्हणायच्या.

आज मात्र त्या वाक्याची खरी परीक्षा होती. रस्ता पुढे आणखी आठ किलोमीटर जायचा होता, तोही अशाच मातीतून. खाली काथ्या घालायचा की प्लास्टिकची जाळी, हे आजच्या तीन खड्ड्यांवर ठरणार होतं. प्लास्टिकचा नमुना मॅडमच्या जीपमध्ये तयार पडला होता. ते काम गेलं तर कारखान्यातल्या निम्म्या बायका घरी बसणार, हे मावशीलाही ठाऊक होतं आणि मॅडमनाही.

“तिसरा इथे घ्या,” मॅडम म्हणाल्या. रस्त्याच्या कडेला डांबर ताटलीसारखं खोलगट झालं होतं.

मुकादमानं खडी काढली. खाली हात घातला आणि मूठभर तपकिरी भुसा वर आणला. बोटांतून तो खाली गळला. त्यानं सळई टोचली, तर ती सरळ आत गेली. हात काढून घेतला तरी ती उभीच राहिली.

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं.

“मावशी, वाईट वाटतंय,” त्या म्हणाल्या. “पण तिनात एक कुजली. तिनातली एक जात असेल तर आठ किलोमीटरला मी ही कशी घालू?”

“थांबा,” मावशी म्हणाली. ती खड्ड्यात बसली आणि त्या भुशात दोन्ही हातांनी कोपरा शोधू लागली. कोपरा सापडला. काथ्या कुजला होता, पण नायलॉनची गाठ जशीच्या तशी होती. एकच. शेजारची जागा तिनं अंगठ्यानं चाचपली, पुन्हा चाचपली. दुसरी गाठ नव्हती, आणि कधी बांधलेलीच नव्हती.

तिला सगळं आठवलं. त्या दिवशी दुपारी घरून निरोप आला होता की लेकीला कळा सुरू झाल्यात. गाडी भरत आली होती, एक गुंडाळी कमी पडत होती. भरणाऱ्यानं विचारलं, “मावशी, ही एका गाठीची घेऊ?” आणि पायात चपला अडकवता अडकवता ती म्हणाली होती, “घे रे, एकीनं काय होतंय!” महिनाभर ते मनात टोचत राहिलं. मग पावसाळा गेला, रस्ता टिकला, नात बाळसं धरू लागली, आणि मावशी ती गुंडाळी पार विसरून गेली. वाक्य मात्र तेच चालू राहिलं.

जाऊ खाली वाकली. गाठ तिनंही पाहिली होती. “जाऊबाई,” ती कानात पुटपुटली, “भरणाऱ्याचं नाव सांगा. तो कधीच काम सोडून गेलाय. त्याच्यावर खापर फुटलं तर त्याचं काय बिघडतंय?”

“त्यानं मला विचारलं होतं गं,” मावशी म्हणाली आणि उठून उभी राहिली.

“मॅडम, ही चटई कच्ची आहे. एकदाच बुडवलेली. चूक चटईची नाही, माझी आहे. मीच पाठवली, माहीत असून पाठवली.” मग तिनं गाठींची रीत सांगितली, निरोप आला ते सांगितलं, काही म्हणता काही लपवलं नाही.

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. “तीन वर्षांपूर्वीची एक गुंडाळी तुम्हाला इतकी नेमकी कशी आठवते?”

“माझी नात त्याच दिवशी झाली.”

“पण मावशी, चटई वाचवायला तुम्ही स्वतःवर घेताय, असंही कुणी म्हणेल. माझे साहेबच म्हणतील.”

“म्हणू देत. गुंडाळीची रुंदी दोन मीटर. मुकादम, कडेकडेनं खणत या, दोन्ही बाजूंना. शेजारच्या गुंडाळ्या लागतील, त्यांच्या कोपऱ्याला दोन गाठी असतील. त्या कुजल्या असतील तर लिहा खुशाल की काथ्या टिकत नाही. मी स्वतः प्लास्टिक उतरवायला येते.”

“अहो, पण गाठी नसल्या तर?” जाऊ कळवळून म्हणाली.

मावशीच्या मनातही तेच आलं होतं. एकदा “एकीनं काय होतंय” म्हणणारी बाई दुसऱ्यांदा म्हणाली नसेल कशावरून? तिनं मनातल्या मनात तीस वर्षं चाळली. नाही, एवढी एकच.

मुकादम आता कुदळ फार जपून घालत होता. डावीकडे भुसा संपला आणि काळी कड लागली. त्यानं ती हातानं पुसली. शेजारी शेजारी दोन गाठी. धागा ओढला, तुटेना. खालच्या मातीत सळई टोचली, दोन बोटांवर अडली. उजवीकडेही तसंच निघालं.

“शाब्बास!” मुकादम स्वतःशीच म्हणाला.

मावशीचा जीव भांड्यात पडला, पण चेहऱ्यावर तिनं दाखवलं नाही. मॅडमनी खाली वाकून त्या दोन कडा आणि मधला भुसा पाहिला.

“असा पुरावा मुद्दाम करायचा म्हटलं तरी करता आला नसता,” त्या म्हणाल्या. “एकच रस्ता, एकच माती, एकदा बुडवलेली गेली आणि दोनदा बुडवलेली टिकली. मी लिहिते, कारखान्याकडून नजरचुकीनं...”

“नजरचूक नव्हे. मी बघितलं होतं. हौदावरच्या बाईनं कच्ची गुंडाळी पाठवली, असं लिहा. सही मी करते.”

तिनं जीपच्या बॉनेटवर वही ठेवून सावकाश, एकेक अक्षर लावून सही केली. मग मुकादमाकडून कोयता मागून घेतला आणि एका गाठीचा तो कोपरा, त्याला चिकटलेल्या भुशासकट, कापून रुमालात बांधला.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात हौदाजवळच्या खिळ्याला तो तुकडा टांगलेला होता. नव्या पोरींनी विचारलं, हे काय?

“माझी चूक आहे,” मावशी म्हणाली. “बुडवताना बघत जा तिकडे.”

ते जुनं वाक्य त्यानंतर कुणी तिच्या तोंडून ऐकलं नाही. पाठीमागे ओठ हलवणाऱ्या पोरींना काही दिवस चुकल्यासारखं व्हायचं.

महिन्याभरानं आठ किलोमीटरचं काम आलं. पहिली गाडी भरायला लागली तेव्हा मावशी दारात उभी होती. प्रत्येक गुंडाळीचा कोपरा ती अंगठ्यानं चाचपायची, दोन गाठी लागल्या की मान हलवायची. गाडी भरत आली. नव्या भरणाऱ्यानं आत डोकावून पाहिलं.

“मावशी, एक कमी पडतीये. ती एका गाठीची आहे कोपऱ्यात, वाळलीये अगदी खडखडीत. घेऊ?”

पलीकडे चटई निथळत टांगणाऱ्या जावेचे हात थांबले.

“नको,” मावशी म्हणाली. “राहू दे जागा.”

त्यानं फळी लावली, साखळी अडकवली. एका गुंडाळीएवढी रिकामी जागा घेऊन गाडी फाटकातून बाहेर पडली.