लटारूने बांधलेलं पाणी

वैनगंगेच्या काठी, आरमोरीच्या खालच्या अंगाला ढिवरांची, म्हणजे मासेमारांची, एक वस्ती आहे. तिथली रीत जुनी. कुणी बुडाला आणि हाती लागला नाही, तर त्याच्या घरच्याने पाणी बांधायचं. बांधलं म्हणजे त्यात माशासाठी कुणीच जाळं टाकायचं नाही. बुडालेला सापडला की त्याच घरच्याने पहिलं जाळं टाकायचं. ती मासळी त्या घरातल्या सगळ्यांनी खाल्ली की पाणी मोकळं. दोन-तीन दिवसांत हे आटपायचं, कारण नदी माणसाला फार दिवस लपवत नाही. आणि लपवलंच तर लटारू होता. तीन तालुक्यांतले लोक त्याला बोलवायला येत. गढूळ डोहात बुडी मारून तो परक्यांची लेकरं वर काढून देई.

त्याच लटारूचा पोरगा देवानंद समुद्रात बुडाला. तोही इटलीच्या समुद्रात.

देवानंद मोहर्लीला रिसॉर्टात स्वयंपाक करायचा. वाघ बघायला आलेल्या एका इटलीच्या म्हाताऱ्या जोडप्याला त्याच्या हातची चव आवडली आणि त्यांनी त्याला आपल्या खानावळीत नेलं. पुढे त्याने वरोऱ्याच्या सुनिललाही तिकडे बोलावून घेतलं. रविवारी फोन यायचा आणि देवानंद बापाला ते बेट समजावून सांगायचा.

“बाबा, मोठं बेट हाये ना, ते चिखलात पाय उमटल्यावानी हाये. त्याच्या टाचेजवळ दोन बारके बेटं. त्यातल्या एकावर मी हावो.”

“अन् जिल्हा कोणता?”

“जिल्हा मोडला, बाबा. दहा-अकरा वर्षं चालला अन् मोडला. कोळशाच्या गावाचं नाव होतं त्याले. कोळसा सरला, खाणी बंद पडल्या, मंग जिल्हा बी दुसऱ्यात घातला.”

लटारूला हसू यायचं. चांदा जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा निघाला तेव्हा त्याने लाडू खाल्ले होते, पण मोडलेला जिल्हा कधी ऐकला नव्हता.

सगळ्यात जास्त त्याला आवडायची ती देवानंदच्या बेटावरल्या गावाची गोष्ट. तिथले लोक मूळचे मासेमार. आधी आफ्रिकेच्या काठाशी एका बेटावर पोवळं काढत आणि मग तिथून उठून या बेटावर आले. पुढे एकदा चाचे आले आणि शेकडो माणसं, बाया, लेकरं गुलाम करून घेऊन गेले. वर्षं गेली. मागे राहिलेल्यांनी आशा सोडली होती. आणि मग ते परत आले.

आश्विनात सुनिलचा फोन आला. दोन बेटांच्या मधल्या पाण्यात बोट उलटली होती. दोघे वाचले, देवानंद दिसला नाही.

लटारूने त्याच दिवशी पाणी बांधलं, नदीचं आणि गावतलावाचंही. वस्तीत कुणी ब्र काढला नाही. जाळी खुंट्यांना टांगली गेली.

पण दिवस जात राहिले. कार्तिक लागला. धानाला शेवटचं पाणी द्यायला तलावाचं तोंड उघडलं आणि तलाव उतरू लागला. वर्षाची मासळी काढायची ती याच वेळी. उथळात सापडली की ती गुदमरून मरते. घराघरांत भात आणि तिखट शिजत होतं. शेवटी मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष मुखरू चार जणांना घेऊन लटारूच्या अंगणात आला. मागून म्हातारी बुधरीही आली.

“लटारूभाऊ, समुद्र कुठी अन् आपला तलाव कुठी?” मुखरू म्हणाला.

लटारूने काटकी घेऊन मातीत रेघ ओढली. “हे वैनगंगा. चपराळ्यापाशी वर्धेले भेटते, प्राणहिता होते. सिरोंच्यापाशी गोदावरीत जाते. गोदावरी समुद्रात. अन् समुद्र समुद्राले लागून. पाणी एकच हाये.”

“आपलं पाणी तिकडे जाते, कबूल. तिकडचं इकडे येते का? नदी उलटी वायते का, बाप्पा?”

“अन् उन्हाळ्यात तं आपल्या नदीत रेतीच रायते,” बुधरी म्हणाली. “तवा तुही इटली तुटते का रे?”

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

“तलाव तं कुठीच जात नाई,” मुखरू हळू आवाजात म्हणाला. “तो काऊन बांधला?”

लटारूने तीच रेघ काटकीने पुन्हा ओढली. “त्या बेटावरचे गेलेले लोकं परत आले होते,” तो म्हणाला.

“ते धरून नेलेले होते, लेका. हा बुडाला.”

“पाह्यला कोणी?”

मुखरूने टोपी झटकली आणि निघाला. जाता जाता म्हणाला, “तू सांगशील तवाच टाकू. पण भाऊ, लवकर सांग.”

दोन दिवसांनी तलावावर वास सुटला. लटारू पाळीवर, तलावाच्या बांधावर, गेला तर रोहू पांढरी पोटं वर करून काठाला लागले होते. बगळ्यांनाही खाऊन संपत नव्हते. मुखरूचा भाऊ बुधू गुडघाभर पाण्यात उभा राहून नुसता बघत होता. जाळं त्याच्या खांद्यावर होतं, टाकलं मात्र नव्हतं. त्याने लटारूकडे पाहिलं आणि मान फिरवली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

लटारू घरी आला आणि सुनेला म्हणाला, “दुर्गा, सुनिलले फोन लाव.”

“सुनिल, तिथचं पाणी बुडालेल्याले कुठी लावते रे?”

“काका, तिकडे वायव्येकडून वारा सुटते. तो सुटला का उघड्या समुद्रात नेते सगळं. त्याच्यापुढे आफ्रिकाच.”

“तिथं ढिवर नाईत का कोणी?”

“हायेत ना. लय शोधलं त्यायनं, काका. रडले बी. पण आता त्यायनं जाळे टाकले.”

“माशासाठी?”

“हो, काका. पोट हाये त्यायले.”

लटारूने फोन खाली ठेवला. ज्या पाण्यात पोरगा होता ते पाणी परक्यांनी त्याला न विचारता मोकळं केलं होतं. आणि तो इथे त्याच पाण्याच्या नावाने आपल्याच लोकांना उपाशी ठेवून बसला होता.

त्याने खुंटीवरचं जाळं काढलं. वच्छला, त्याची बायको, चुलीपाशी होती. तिने विळा पाट्यावर घासून घेतला.

तलावात त्याने एकदाच जाळं टाकलं. ते नीट उघडलंच नाही, गोळा होऊन पडलं. तरी दोन मरळ लागल्या. वच्छलाने रस्सा केला. अंगणात मुखरू आणि सगळी वस्ती जाळी घेऊन उभी होती.

तीन ताटं वाढली. दुर्गाने आपलं ताट सरकवून दिलं.

“मी नाई खाणार.”

“पोरी, तू नाई खाल्लं तं पाणी मोकळं होत नाई,” वच्छला म्हणाली.

“मंग राहू द्या बांधलेलं.”

“लोकाईचे पोट्टे उपाशी हायेत,” लटारू म्हणाला. “मी कुठी म्हणतो का तो मेला म्हणून?”

“तेच तं!” दुर्गाचा आवाज चढला. “तुमी तेवढं म्हणणार नाई, अन् मले खा म्हणता. तुमच्या रीतीत सापडल्याबिगर खात नाईत ना? मंग तोंडानं म्हणा. ‘माहा पोरगा मेला’ म्हणा. मंग मी खाईन.”

बाहेरची कुजबुज थांबली. कुडाची भिंत पातळ, सगळं ऐकू जात होतं.

आयुष्यभर लटारूने हे वाक्य दुसऱ्यांच्या दारात सांगितलं होतं. तुमचा माणूस मेला, भाऊ, काठावर चला. तेव्हा दाखवायला काहीतरी असायचं. वच्छलाने त्याचा हात धरला आणि लगेच सोडून दिला.

“माहा पोरगा मेला,” तो म्हणाला. मग बाहेर ऐकू जावं म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणाला, “देवानंद मेला.”

दुर्गाने ताट ओढलं. मोठा घास घेतला आणि न रडता, न थांबता खात गेली. वच्छला खात होती. लटारूनेही खाल्लं.

अंगणातले पाय तलावाकडे वळले. मुखरू मात्र दारात आला.

“चाल, भाऊ. जो मासा वाचला असन तो काढू.”

“तुमी व्हा पुढे,” लटारू म्हणाला. त्याचं ताट संपलं होतं, पण त्याच एका पाण्याने भरलेला गडवा समोर असून तो उचलायला त्याचा हात जात नव्हता.