हौसाआते आणि उण्याचं बटण

रोडपालीच्या हौसाचा आवाज भोंग्याला खाली मान घालायला लावणारा. तरुणपणी ती ओट्यावर उभी राहून "जेवाला ये रं!" अशी हाक मारायची, आणि खाडीकडच्या मिठागरांतली सगळी माणसं फावडी टाकून उठायची. हाक कुणाला होती, ते घरी पोचल्यावर ठरायचं. ती गायला लागली की कर्नाळ्याचे पक्षी घरट्यांची तोंडं फिरवून घेत, असंही सांगतात. त्यात थोडी अतिशयोक्ती आहे. सगळेच पक्षी फिरवत नसत.

हौसा धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात धवलारणीने धवले, म्हणजे विधीची गाणी, गायल्याशिवाय हळद लागत नाही, मग भटजी कितीही शिकलेला असो. तिच्या भावाची, महादेवची, मुलगी भाविका पाळण्यात होती तेव्हापासून हौसा तिला सांगत आलेली, "तुजे हळदीला असं गाईन का सासरी ऐकू जाईल." सासर पुढे मिळालं कर्नाळ्याच्या पायथ्याला. अंतराची अडचण हौसाला कधीच नव्हती.

हळदीच्या सकाळी महादेवने मांडवात माणसापेक्षा उंच स्पीकर उभे केले. गाणी लावायचं काम केतनचं. केतन म्हणजे भाविकाचा थोरला भाऊ, खारघरला इंजिनिअरिंगला. त्याचा कंप्युटर इतका अशक्त, की पडद्यावर एखादं चित्र आलं तरी त्याला घेरी यायची. म्हणून केतनने त्यात लिनक्स घातलं होतं आणि गाण्यांसाठी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत चालणारा प्लेअर. माउस नाही, चित्र नाही. अधिकचं बटण दाबलं की आवाज मोठा, उण्याचं दाबलं की बारीक.

भाविका पाटावर बसली. हौसा हळदीची वाटी घेऊन उभी राहिली आणि तिने धवल्याला तोंड उघडलं. तेवढ्यात केतन स्पीकरवरचं गाणं बंद करायला निघाला, तर महादेव ओरडला, "बंद नको करू! येवढे स्पीकर काय मुके ठेवाचे? बारीक कर नुसता!"

केतनने उणे दाबलं. पडद्यावर ऐंशी आलं, साठ आलं, वीस आलं. स्पीकर मात्र तसेच गर्जत होते. टेबलावरचा पेला चालत चालत कडेला गेला आणि पडला. केतनने वायर काढून परत घातली. शेजारचा कीबोर्ड आणून लावला. उणे दाबून दाबून आकडा शून्यावर आणला. स्पीकरांना त्याचं काही नव्हतं.

शेवटी त्याने गाणंच थांबवलं. मांडव गप्प झाला. आणि त्या शांततेत सगळ्यांनी पाहिलं, हौसा गात होती. मान ताठ, शिरा फुगलेल्या, हात वर. आवाज नाही.

"बाय, मस्करी नको करू," महादेव म्हणाला. "येल टळंल."

हौसाने त्याच्याकडे वळून बरंच काही सांगितलं. तेही ऐकू आलं नाही.

"काय बोलते रं ती?"

"शिव्या," केतन म्हणाला. त्याला ओठांवरून कळायचं, लहानपणापासून आत्यासमोर कान झाकून बसायची सवय.

कुणी मध आणला, कुणी आलं ठेचलं, कुणी लिंबू उतरवलं. केतन पडद्यावरच्या शून्याकडे बघत राहिला. मग त्याने घाबरत घाबरत अधिकचं बटण एकदाच दाबलं.

"...मुडद्या..." हौसाच्या तोंडून डासाएवढा आवाज आला.

केतनने पडद्यावर आवाजाचा मिक्सर उघडला. कुठल्या बटणाने कुणाचा आवाज हलायचा, ते तिथे ठरतं. यादीत आवाज काढणारी दोन साउंड कार्डं होती. पहिलं कंप्युटरचं. दुसऱ्यापुढे लिहिलं होतं: हौसा. आणि प्लेअरने दुसरं धरून ठेवलं होतं. आत्या साउंड कार्ड म्हणून लागल्यास काय करावं, हे कॉलेजात अजून शिकवलेलं नव्हतं.

तो एकेक आकडा चढवत गेला. चाळीसवर महादेव कानाशी आला.

"किती हाय आता?"

"चाळीस."

"ऱ्हाव दे."

"बाबा!"

"अरं, पन्नास वर्सां ऐकतंय मी. आज पयल्यांदा मानसाचा आवाज आला. पायजे तर पंचेचालीस कर. त्याच्यावर नको."

हौसा चाळीसवर गायली. गोड गायली. बायका म्हणाल्या, अगो किती नाजूक! पण भाविकाचे डोळे भरले आणि तिने पुढे केलेला हात पदरात घेतला.

"हे सासरी ऐकू जाणार नाही, आते."

"फोन लावून ऐकवू," महादेव म्हणाला.

"मोबाइलवरनं हळद लागते का, बाबा? मला नको मग."

मांडव केतनकडे बघू लागला. हौसा वाटी घेऊन त्याच्याजवळ आली आणि चाळीसच्या आवाजात म्हणाली, "केत्या, तू जल्मलास तवा रडत नव्हतास. सुईन घाबरली. मी हाक मारली तवा भोंगा काढलास."

केतनने अधिकच्या बटणावर बोट ठेवलं आणि उचललंच नाही. ऐंशी, शंभर. शंभरावर थांबायचं असतं. पण कार्ड हौसा होतं. एकशेचाळीस.

मांडवाचं कापड शिडासारखं फुगलं. बंद पडलेले स्पीकर सरकत सरकत भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. भाविकाला हळद लागली, आणि दुसऱ्या धवल्याच्या मध्येच सासरहून फोन आला, "आवाज पोचला. नवऱ्याला लावली हळद. आता जरा बारीक करा, आमची म्हातारी माणसं हायत."

बारीक कुणी केलं नाही.

गाणं आटपल्यावर महादेवने रिवाजाप्रमाणे धवलारणीपुढे लुगडं आणि नारळ ठेवला. हौसाने नारळ घेतला, लुगडं बाजूला सारलं.

"मना ही पेटी पायजे."

एकशेचाळीसच्या आवाजाला नाही म्हणणारा त्या मांडवात कुणी नव्हता.

कंप्युटर आता हौसाच्या घरी देवाशेजारच्या फळीवर असतो. अधिकच्या बटणाला रोज हळदकुंकू लागतं. उण्याचं बटण तिने त्याच संध्याकाळी अडकित्त्याच्या टोकाने उपटलं आणि आपल्या पानसुपारीच्या चंचीत टाकलं. दर भाऊबीजेला महादेव पान खायच्या निमित्ताने त्या चंचीत बोटं घालतो आणि बराच वेळ चाचपत बसतो. आजवर त्याच्या हाताला सुपारीच लागली आहे.