मुंडकं नसलेला शिपाई

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी मला पाहिलं नसेल, कारण माझं सारं आयुष्य लाकडी खोक्याच्या अंधारात गेलं. व्हिडिओ गेमच्या यंत्रात काळ्या चिपांनी भरलेली एक हिरवी पाटी असते ना, ती मी. लोक मला बोर्ड म्हणतात. पडद्यावरचा डोंगर, पूल, बंदूक घेऊन पळणारा शिपाई, सगळं माझ्यातूनच निघायचं.

मुंबईत राबून राबून मी जुना झालो, तेव्हा पाटस गावच्या दत्ताने मला विकत आणलं. एसटी थांब्यामागे त्याचं गेमचं दुकान होतं. शेजारच्या खोक्यात मोटारींच्या शर्यतीचा बोर्ड असे. मधल्या फळीतून त्याच्या गाड्यांची घरघर मला दिवसभर ऐकू येई. उसाचा हंगाम सुरू झाला की दुकानात उभं राहायला जागा नसे. माझ्या शिपायाने पूल ओलांडला की पोरं अशी ओरडत, की बाहेरचा कंडक्टरही डोकावून जाई.

पण हरलेली पोरं खोक्याला लाथा घालत. विजेचा दाब कधी चढे, कधी उतरे. रस्त्याची धूळ माझ्यावर थरावर थर बसली, पण खोकं उघडून मला कुणी पुसलं नाही.

एका दुपारी पोरं एकदम गप्प झाली. पडद्यावर शिपाई पळत होता, पण त्याला मुंडकं नव्हतं. मुंडकं वरच्या कोपऱ्यात एकटंच तरंगत होतं. मी घाबरलो. मी तर नेहमीसारखंच चित्र पाठवत होतो, निदान मला तसं वाटत होतं. आपल्या आत काय तुटलंय हे आपल्यालाच कळू नये, यासारखी भीती नाही. दत्ताने खोक्यावर दोन थापा मारल्या. मुंडकं आणखी थरथरलं आणि पोरं बाहेर पळाली.

त्यानंतर दोनच दिवसांनी वीज एकदम वाढली आणि शेजारची घरघर कायमची थांबली. मग खोक्यात भूत शिरलंय अशी गावाची खात्रीच पटली. म्हातारी साळूबाई दुकानाच्या दारात उभी राहिली. आत पाऊल टाकायची तिची छाती होईना.

"दत्ता, माझा नातू तापानं फणफणलाय. मुंडकं, मुंडकं म्हणून वराडतोय. पेटवून दे ते खोकं!"

"मावशी, तसं काय नसतंय," दत्ता म्हणाला. पण बोलताना त्याने माझ्या खोक्याकडे पाठ केली होती.

त्याने मला आणि शेजारच्या शर्यतीच्या बोर्डाला खोक्यांतून काढून पोत्यात घातलं. दौंडचा भंगारवाला जुने बोर्ड तोडून त्यांतलं सोनं काढायला तेजाबात टाकतो, हे मी ऐकून होतो. पोत्यात मी सोबत्याला टेकून पडलो. तो गारठलेला होता.

दत्ताची बायको सविता मात्र वाटेत आडवी आली. "भंगारात घालायच्या आधी करुणाताईंना दाखवा. टीव्ही दुरुस्त करत्यात त्या, ह्ये बी बघतील."

करुणाचं दुकान दौंड स्टेशनजवळ होतं. तिने मला उन्हात धरून निरखलं, ब्रशने धूळ झाडली, खोडरबराने माझ्या कडेच्या पट्ट्या घासल्या आणि मला पडद्याला जोडलं. मुंडकं अजून कोपऱ्यातच!

दत्ता मागे सरकला. "ताई, आत काय भूत-बित न्हाई ना?"

"भूत असतं तर डोंगर बी हलला असता, दत्ताभाऊ. मागचं चित्र साफ हाय, आवाज हाय, खेळ बी चालतोय. फकस्त हलणारी माणसं तुटत्यात. म्हंजी त्यांचं चित्र जिथनं येतं, तेवढाच भाग बिघडलाय."

तिने एकेका चिपेवर हलकंच बोट दाबून पाहिलं. एका चिपेपाशी मुंडकं हललं.

"ही दिसतीय. अशी चिप आता बाजारात गावत न्हाई. दोन्ही बोर्डांत तीच हाय, ह्या दोघातल्या एकाची काढून दुसऱ्याला लावावी लागंल."

"कुणाची काढणार?"

"बघू. जो जगंल त्याला लावू."

मित्रांनो, टेबलावर आम्ही शेजारी शेजारी होतो आणि मध्ये चिपांना डाग द्यायची सोल्डरिंगची सळई तापत होती. करुणाने सोबत्याला उचललं, उलटं केलं, बराच वेळ पाहिलं. त्याच्या पोटातल्या रेषा जळून काळ्या पडल्या होत्या.

"ह्याचं काय व्हायचं न्हाई आता," ती हळूच म्हणाली.

तिने त्याची चिप काढली आणि माझ्या बिघडलेल्या चिपेवर पायाला पाय जुळवून धरली. पडद्यावरचं मुंडकं सरळ शिपायाच्या खांद्यावर येऊन बसलं. दत्ता ओरडलाच. मला मात्र आनंद झाला नाही. मघाशी माझ्यावर असलेलं भंगाराचं सगळं भय आता शेजारी पडलेल्या सोबत्यावर जाऊन बसलेलं मला दिसत होतं. मग करुणाने माझी जुनी चिप काढून त्याची माझ्यात पक्की बसवली.

मी पाटसला परतलो तेव्हा साळूबाईच्या नातवाचा ताप डॉक्टरच्या औषधाने आधीच उतरला होता. ती त्याला घट्ट धरून दत्ताच्या दुकानात आली, पडद्याकडे एका डोळ्याने बघत म्हणाली, "आता धड हाय का रं?" नातवाने मान हलवली आणि बटणाकडे हात नेला.

पुढे घरोघरी कॉम्प्युटर आले आणि दत्ताचं दुकान बंद झालं, तेव्हा त्याने मला करुणाला देऊन टाकलं. आता मी करुणाच्या खणात असतो. खण उघडला की वाटतं, आता माझी चिप काढायची पाळी आली. परवाच कुणाचा तरी बोर्ड दुरुस्तीला आला. तिने मला हातात घेतलं, सोबत्याकडून आलेल्या त्याच चिपेवर तिचं बोट थांबलं.

"काढायची का?" गिऱ्हाईकाने विचारलं.

"नगं. ह्यो चालू हाय. दुसरं काय तरी बघू."

खण मिटला, पण माझी भीती बराच वेळ गेली नाही.

म्हणून सांगतो मित्रांनो, बिघडलेल्या वस्तूला मारू नका, तिला भूतही म्हणू नका. तिला उजेडात घ्या, पुसा, आणि नेमकं काय तुटलंय ते शांतपणे पाहा. तुम्ही घाबरलेले असता तेव्हा तीही घाबरलेली असते. तिला फक्त ओरडता येत नाही.