मार्थाची लस संपली

अलास्कातल्या कुस्कोक्विम नदीवर रेडिओवर बोलणं म्हणजे चावडीवर बोलणं, हे नास्तास्याला लहानपणापासून ठाऊक होतं. तरी जीभ घसरायची ती घसरलीच. गावच्या दवाखान्यातली ती एकुलती एक आरोग्यसेविका. बाळपणी दिलेली लस टिकली का ते बघायला, पंधरा वर्षांच्या मुलांचं रक्त घ्यायला वसंतात विमानानं नर्स येऊन गेली होती. जूनमध्ये निकाल आले, त्यात आपल्याच लेकीचं नाव दिसलं, आणि तिनं थेट मासेमारीच्या तळावर आईला हाक मारली.

"आई, मार्थाच्या कावीळ बीच्या लसीचं काही उरलं नाही बघ. शून्य आलंय."

म्हातारी ओलिन्का काही बोलायच्या आत दुसऱ्याच तळावरून कोणीतरी म्हणालं, "संपली असेल तर दुकानातून मागवा की." नदीभर हशा पिकला.

ओलिन्का हसली नाही. कावीळ बी तिच्या रक्तात कित्येक वर्षं मुक्कामाला होती. तिला स्वतःला काही त्रास नव्हता. पण लस यायच्या आधी तिचा मॅक्सिम, नास्तास्याचा थोरला भाऊ, अकराव्या वर्षी याच काविळीपायी यकृताच्या आजारानं गेला होता.

आणि याच उन्हाळ्यात ती मार्थाला सामन मासे कापायला शिकवणार होती. मासा कापताना बोटं कापतातच, शिकणाऱ्याची तर हटकून. एकाच फळीवर दोघींचं रक्त सांडणार.

नास्तास्या संध्याकाळी बोटीनं तळावर पोचली, तोवर म्हातारीनं वीस पावलांवर दुसरी फळी मांडलेली होती.

"आई, शून्य म्हणजे लस वाया गेली असं नाही. वयाबरोबर रक्तातला आकडा उतरतो. शरीराला आठवण असते. पुन्हा एक डोस देऊ, महिन्यानं रक्त बघू. आठवण असेल तर आकडा वर येईल."

"आणि नसेल तर?"

नास्तास्यानं लसीची पेटी उघडली. घरचं माणूस समोर असलं की शिकलेलं सगळं पातळ होतं.

डोस दिला. पण मासे कुणाच्या निकालासाठी थांबत नाहीत. मोठे सामन आले आणि गेले. मार्था आपल्या फळीवर एकटी कापत राहिली, आणि आजी लांबूनच तोंडसुख घेत राहिली. "अगं, मासा कापतेस की लाकूड फोडतेस? असले तुकडे वाळत घातलेस तर कावळेसुद्धा नावं ठेवतील."

"मग येऊन दाखव ना," मार्था म्हणायची. आजी जायची नाही. पोरीनं तिला पाणी दिलं तरी भांडं खाली ठेव म्हणायची. पाण्यातून काही होत नाही, हे नास्तास्यानं दहादा सांगून झालं होतं. मार्था रात्री आईकडे रडली. आजीला आपली किळस येते, असं तिला वाटत होतं.

ऑगस्टच्या सुरुवातीला दुसरा निकाल आला. या खेपेला नास्तास्यानं रेडिओला हात लावला नाही. कागद घेऊन ती तळावर गेली. ओलिन्कानं चष्मा लावून आकडा दोनदा वाचला. हजाराच्या वर होता.

"म्हणजे विसरलं नव्हतं?"

"नाही आई. नुसतं गप्प होतं."

म्हातारीनं पायानं बादली सरकवून जागा केली. "ये गं."

मार्था आली. आजीनं तिचं मनगट धरलं, सुरी वळवली, पाठीच्या कण्यालगत हात हळूच पुढे नेला. मासा सरळ उलगडला. आजीनं मनगट सोडलं नाही.

"मॅक्सिमला दात नव्हते तेव्हा सुका मासा मीच चावून भरवायचे," ती नास्तास्याकडे न बघता म्हणाली. एवढ्या वर्षांत तिनं हे कधी बोलून दाखवलं नव्हतं.

"सगळ्याच आया भरवायच्या. त्याला कशानं झालं, ते कुणालाच सांगता येणार नाही. आणि तेव्हा लस तरी कुठे होती?"

"तेच म्हणते. हिला होती. तरी दोन महिने मला वाटत होतं, मी हिलाही मारणार."

मार्थानं मान वर केली. तिला पहिल्यांदाच कळलं, की आजी तिला नाही, स्वतःला लांब ठेवत होती. मोकळ्या हातानं तिनं आजीचा हात घट्ट धरला, दोघींचे हात माशाच्या रक्तानं माखलेले होते, आणि आजीनं तो धरू दिला.